न्यूमाने मागितलेला शनिवार

न्यूमा फोरियाने आमच्या सातव्या वॉर्डातल्या निम्म्या घरांना गिलावा केला असेल, आणि स्वतः मात्र अडतीस वर्षं भाड्याच्या घरात राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्याची शेजारीण, वर्ना. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव हलवून निवृत्त झालेली, त्यामुळे माझं बोलणं मोठ्या आवाजाचं आणि तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल. न्यूमाबद्दल मात्र मला तिखट बोलता येत नाही, प्रयत्न करून पाहिलाय.

आमच्या वॉर्डात घरासाठी कंत्राटदार बोलवायची रीत नव्हती. सुतार, गवंडी, गिलाव्याचे कारागीर आठवडाभर न्यू ऑर्लिन्सच्या बड्या लोकांच्या बंगल्यांवर राबायचे आणि शनिवारी एकमेकांच्या घरांवर. "या शनिवारी कुणाकडे?" एवढंच विचारायचं. घरमालक बीअर आणायचा, त्याची बायको मोठ्या पातेल्यात गंबो रांधायची, त्यात खेकडे, सॉसेज, भेंडी, जे मिळेल ते. ज्याने तुम्हाला शनिवार दिला त्याला तुम्ही शनिवार द्यायचा. हे कुणी कुठे लिहून ठेवत नसे. लिहिलं असतं तर माणसं रागावून निघून गेली असती.

न्यूमाने किती शनिवार दिले त्याला गणती नाही. माझ्या पुढच्या खोलीच्या छताला कडेने वेलबुट्टी आहे, तीही त्याचीच. चार शनिवार तो शिडीवर मान मोडून उभा होता, आणि मी खालून "ते पान जरा वाकडं वाटतंय" म्हणून त्याचा जीव खात होते. स्वतःसाठी त्याने कधी शनिवार मागितला नाही, कारण मागायला आधी घर लागतं. पैसे साठले की काहीतरी निघायचंच. आईचं आजारपण निघालं, मुलीचं कॉलेज निघालं, मग महापूर आला. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणायचा. त्याची बायको लिओंटिन म्हणायची, "हो तर. पुढच्या वर्षी मी बारीकही होणार आहे."

लिओंटिन गडगडाटी हसायची. चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की पाद्रीबाबांना आपला आवाज चढवावा लागे. पुरानंतर दोन वर्षांत साखरेच्या आजाराने तिचे डोळे खाल्ले. आधी एक गेला, मग दुसरा. आम्हाला वाटलं, बाई आता खचली. पण ती खचली नाही, आणि त्याचं कारण ते घर होतं.

आमच्याकडची जुनी घरं अरुंद आणि लांब. एकामागे एक खोल्या, मधे बोळ नाही, पुढच्या दारातून निघालं की सगळ्या खोल्या ओलांडत सरळ स्वयंपाकघरात. हे घर लिओंटिनच्या पायांना पाठ होतं. ती न चाचपडता चालायची, स्वतः चूल पेटवायची, कॉफी ओतायची ती काठोकाठ, थेंब न सांडता. मी मागच्या दारातून आत पाऊल टाकलं की म्हणायची, "वर्ना, पुन्हा नवे बूट घेतलेस? तुला लाज कशी वाटत नाही?" त्या घरात लिओंटिन आंधळी नव्हती. मुलीकडे ह्यूस्टनला आठ दिवस गेली, तर प्रत्येक कोपऱ्यावर आपटून हिरवीनिळी होऊन परत आली.

घराची मालकीण, म्हातारी मिस ओडेल, एप्रिलमध्ये वारली. तिचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. भला माणूस, वाईट बोलायला जागा नाही. त्याने न्यूमाला पत्र लिहिलं की मावशीच्या आठवणीखातर घर आधी तुम्हाला देतो, भावही कमी करतो, मात्र मेच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर विक्रीची पाटी लावावी लागेल. न्यूमा ते पत्र हातात घेऊन माझ्या पायऱ्या चढून आला, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोरासारखा धावत.

"वर्ना, माझं घर होणार."

"पैसे?"

"जमतात. सगळे जातील, पण जमतात. तिला आता कुणी हलवू शकणार नाही."

मला रडू आलं, पण मी रडत नाही, मी सल्ला देते. म्हटलं, घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही, विकत घेतानाही चार ठिकाणी ठोकून बघावं लागतं. "आधी वाळवीवाल्यांना दाखव."

तो हसला. "अगं, जुनं सायप्रसचं लाकूड आहे. वाळवीचे दात पडतील."

हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. पुरात भिजलेल्या तळाच्या तुळया मिस ओडेलने काढून टाकल्या आणि त्या जागी स्वस्तातलं पाइन घातलं, हे तो विसरला होता. मीही विसरले होते. पण मी हट्टच धरला, तेव्हा त्याने बोलावलं.

तपासायला आली ती डार्डन नावाची बाई, पन्नाशीची, गुडघ्यांना पॅड बांधलेली, तोंडात सतत "बाळा". न्यूमालाही बाळा आणि मलाही बाळा. लिओंटिन त्या वेळी चर्चच्या बायकांबरोबर गेली होती, तेवढं बरं झालं. बाईने खोल्या पाहिल्या, मान डोलावली, आणि बाहेर येऊन घराच्या पायथ्याशी उकिडवी बसली.

आमची घरं विटांच्या खांबांवर गुडघाभर उचललेली असतात, खालून वारा खेळावा म्हणून. न्यूमाच्या घराखाली मात्र वारा खेळत नव्हता. चारी बाजूंनी, जोत्यापासून थेट जमिनीपर्यंत, त्याने गिलाव्याची भिंत घातली होती आणि तिच्यावर रेघा कोरून दगडी बांधकाम असल्यासारखं केलं होतं. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. डार्डनबाईने स्क्रूड्रायव्हरची मूठ त्या गिलाव्यावर ठोकत ठोकत घराला फेरी मारली. डाव्या अंगाला आवाज बदलला. ती थांबली, पुन्हा ठोकलं.

"बाळा, इथे थोडं फोडू का?"

न्यूमाने मानेनेच हो म्हटलं. तिने हातभर तुकडा पाडला. गिलाव्याच्या मागच्या बाजूला मातीच्या नळ्या चिकटलेल्या होत्या, खालून वर, एकीला लागून एक, आणि पांढरी वाळवी उजेडाने सैरावैरा झाली. तिने स्क्रूड्रायव्हर तुळईला लावला. जोर केला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला.

"हा गिलावा कुणी केला?" तिने विचारलं.

"मी."

"काम सुंदर आहे," ती म्हणाली, आणि स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाली, "वाळवी मातीतून येते, बाळा. जमिनीपासून वीतभर जागा उघडी असती तर तिला उघड्यावरून वर चढावं लागलं असतं, आणि तुला ती दिसली असती. तू गिलावा मातीला टेकवलास. तिला पडदा लावून दिलास."

न्यूमाने गिलाव्याचा तुटलेला तुकडा उचलला. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. लिओंटिनची नजर नुकतीच गेली होती. घराखाली मांजरं भांडायची आणि ती दचकायची. तिने न्यूमाला फक्त लाकडी जाळी मागितली होती. जाळी ठोकायची म्हणजे एका सकाळचं काम. पण जन्मभर दुसऱ्यांची घरं सजवलेल्या माणसाला बायकोसाठी जाळी ठोकणं कमीपणाचं वाटलं. त्याचा जुना दोस्त ऑस्वाल्ड सुतार तेव्हा म्हणाला होता, "न्यूमा, जमिनीपासून वीतभर वर थांब." न्यूमा म्हणाला, "म्हणजे घराने आखूड पँट घातल्यासारखं दिसेल." आम्ही सगळे हसलो. मीच सगळ्यात मोठ्याने हसले आणि म्हणाले, "ऑस्वाल्डचं काय ऐकतोस, त्याची स्वतःचीच पँट आखूड आहे." माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

डार्डनबाईने सगळं खरं सांगितलं. डाव्या अंगाची तुळई गेली आहे, झोपायच्या खोलीखालच्या आणि स्वयंपाकघराखालच्या आडव्या लाकडांनाही वाळवी लागली आहे. दुरुस्ती होऊ शकते. घर जॅकवर उचलायचं, तुळया बदलायच्या, गिलावा सगळा पाडायचा, मातीला औषध द्यायचं. पैसे देऊन करून घ्यायचं तर आणखी एक घर येईल एवढा खर्च. "आणि नाही केलं," ती म्हणाली, "तर एखाद्या दिवशी चूल खाली जाईल, आणि चुलीपाशी जो उभा असेल तोही."

ती गेल्यावर न्यूमा तुटलेला तुकडा भोकात पुन्हा बसवून बघत होता. "लिओंटिनला सांगायचं नाही," तो म्हणाला. मग तुकडा खाली ठेवून उभा राहिला. "मी शनिवार मागतो."

चाळीस वर्षांत त्याने तो शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा उच्चारला.

पुढचे तीन दिवस तो माझ्या ओसरीवर बसून फोन करत होता, लिओंटिनच्या कानावर जाऊ नये म्हणून. हातात जुनी नंबरांची वही. मी शेंगा सोलत ऐकत होते. बरेच नंबर लागतच नव्हते. एका ठिकाणी नात म्हणाली, आजोबा जाऊन तीन वर्षं झाली, तुम्हाला कुणी कळवलं नाही का? पुरानंतर कुणी अटलांटाला गेलं, कुणी ह्यूस्टनला, कुणी सेंट लुईस दफनभूमीत. न्यूमा प्रत्येकाला तेच विचारायचा, "तब्येत कशी आहे? मुलं कशी आहेत? नाही, सहजच केला." शनिवार मागायला तोंड उघडेपर्यंत त्याला कळून चुकायचं की मागण्यात अर्थ नाही. "येतो" म्हणणारे तिघे निघाले. "ते आणखी लोकांना सांगतील," न्यूमा म्हणाला. "अशी बातमी पसरते."

मी चाळीस माणसांचा गंबो केला. शुक्रवारपासून तेलात पीठ परतत बसले होते, तांबडं होईपर्यंत, हात गळून येईपर्यंत. लिओंटिनला सांगितलं, न्यूमाच्या वाढदिवसाचं जेवण आहे.

"न्यूमाचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो," ती म्हणाली.

"मग यंदा लवकर करतोय."

"बरं," ती म्हणाली, आणि वाट्या काढायला लागली.

शनिवारी आठ वाजता ऑस्वाल्ड आला. वय एक्याऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. सून गाडीतून सोडून गेली. मग पर्सी, वीटकाम करणारा, नाकात नळी आणि मागे चाकांवर ऑक्सिजनची टाकी. शेवटी विल्बर्ट आला. त्याने इस्त्री केलेला पांढरा कामाचा पोशाख घातला होता, पण त्याचे हात इतके थरथरत होते की बटणं कुणीतरी दुसऱ्याने लावली असणार.

"वा न्यूमा," ऑस्वाल्ड म्हणाला, "अख्खी पलटण बोलावलीस की!"

"बाकीचे वाटेत आहेत," पर्सी म्हणाला. "दफनभूमीतून निघायला जरा वेळ लागतो."

आम्ही पोट धरून हसलो. नऊ वाजले. दहा वाजले. रस्त्यावर प्रत्येक गाडीचा वेग कमी झाला की न्यूमा मान वर करायचा. साडेदहाला त्याने हातोडा उचलला आणि डाव्या अंगाचा गिलावा स्वतः पाडायला घेतला. एकेक दगड, जो दगड नव्हताच, खाली पडत होता. त्याच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवलं नाही, म्हणून मी आत जाऊन उगाच पातेलं ढवळलं.

ऑस्वाल्डला दोघांनी धरून गुडघ्यांवर बसवलं. त्याने तुळई बघितली, बोटाने टोकरली, हुंगली. विल्बर्टने घराखाली सरकायचा प्रयत्न केला, कंबरेपर्यंत गेला आणि अडकला. त्याला पाय धरून बाहेर ओढला तेव्हा आधी आम्ही हसलो, आणि मग त्याच्या पांढऱ्या पोशाखाकडे बघून हसू आटलं. तोपर्यंत न्यूमा जॅक घेऊन स्वतः आत गेला होता.

तो बराच वेळ आत होता. आधी खोकला ऐकू येत होता, मग तोही येईना. ऑस्वाल्डने काठी गिलाव्यावर आपटली. "बाहेर ये, गाढवा! ते एकट्याने हलवलंस तर सगळं अंगावर येईल!" खालून उत्तर नाही. पर्सीने नाकातली नळी काढून हाका मारल्या. शेवटी दोन बूट दिसले, मग गुडघे, मग मातीने भरलेला न्यूमा. त्याने जॅक लावला नव्हता. नुसता पडून राहिला होता, डोळे उघडे ठेवून.

ऑस्वाल्ड म्हणाला, "आठ धडधाकट माणसांचं काम आहे, सहा शनिवारांचं. आपण चौघे आहोत, आणि चौघांत मिळून एक धड माणूस नाही. घेऊ नकोस न्यूमा." वीतभर जागेचं ते जुनं बोलणं त्याने काढलं नाही. त्यासाठी मी त्याला जन्मभर मानीन.

मग सगळे आत जाऊन जेवले. लिओंटिनने वाढलं. जुन्या गोष्टी निघाल्या, कोण कुठल्या शिडीवरून पडला, कुणी कुणाच्या सिमेंटात चप्पल गाडली. घर हादरेल इतकं हसणं झालं. पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर न्यूमा मला चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाला, "मी घेणार आहे. रोज थोडं थोडं करीन, एकटा."

"तुझं थडगं घराखालीच बांधू का?"

"ती तिथे स्वतःच्या पायांवर उभी असते, वर्ना. घराचं वाटोळं मी केलं. आता घरही तिच्याकडून काढून घेऊ?"

मी भांडले, शिव्या दिल्या, ओळखीच्या बायका वळून बघायला लागल्या. तो ऐकेना. घरी येऊन मला कळेना, मी कुणाच्या बाजूने भांडते आहे.

सोमवारी, मुदतीच्या दिवशी, दुपारी मी त्यांच्याकडे होते. सोमवार म्हणजे राजमा-भात, लिओंटिन चुलीपाशी, न्यूमा टेबलाशी, त्याने दाढी केलेली, चांगला शर्ट घातलेला. भिंतीवरचा फोन वाजला. न्यूमा उठेपर्यंत लिओंटिनने दोन पावलं टाकून तो उचलला.

"हो, मी लिओंटिन. आहे ना, इथेच आहे, पण मीच सांगते. आम्ही घर घेत नाही. हो, नीट विचार केलाय. तुमच्या मावशी फार चांगल्या होत्या. देव तुमचं भलं करो." आणि तिने फोन ठेवला.

न्यूमाची खुर्ची मागे पडली. "हे काय केलंस? तुला काय माहीत आहे?"

"मला काय माहीत नाही?" ती म्हणाली. "गिलाव्यावर हातोडा पडत होता तेव्हा मी काय झोपले होते? आणि वाट्या मीच धुतल्या ना. चाळीस माणसांचा गंबो, आणि वाट्या सहा. त्यातल्या तीन आपल्याच."

न्यूमा टेबलाला धरून उभा होता. "माझ्यामुळे झालं, लिओंटिन. तू जाळी मागितली होतीस."

"मागितली होती. आणि तू दगडी वाडा करून दिलास. नऊ वर्षं मी अख्ख्या वॉर्डाला सांगत आले, माझ्या नवऱ्याने मला काय करून दिलंय बघा. ते मी परत घेणार नाही." तिने चूल बंद केली. मग आवाज खाली आला. इतका खालचा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "शनिवारी तू खाली गेलास तेव्हा मी इथेच उभी होते. तू बरोबर माझ्या पायाखाली होतास. तुझा खोकला ऐकू येत होता. मग तो थांबला. बाहेर ऑस्वाल्ड ओरडतोय आणि तू बोलत नाहीस. न्यूमा, मी पाऊल उचललं नाही. माझ्या वजनाने खाली येईल म्हणून मी श्वाससुद्धा नीट घेतला नाही. तू रोज खाली जाणार, आणि मी रोज अशी उभी राहणार? मला नाही जमणार."

न्यूमा तिच्याजवळ गेला. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि माझ्या पायऱ्यांवर बसून रडले. रडत नाही म्हणते मी, पण तेव्हा रडले.

जूनमध्ये मुलगी येऊन त्यांना ह्यूस्टनला घेऊन गेली. घर ज्याने घेतलं त्याला नुसती जागा हवी होती. एका दुपारी यंत्र आलं आणि चारपर्यंत घर सपाट झालं. मी खिडकी लावून घेतली होती.

न्यूमा दर रविवारी फोन करतो. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे, खोलीला मोठी खिडकी आहे, सगळं सांगतो. लिओंटिनचं विचारलं की "बरी आहे" म्हणून विषय बदलतो. मागच्या रविवारी मी सोडलं नाही. म्हटलं, खरं सांग, स्वयंपाक करते का, गाते का, शिव्या तरी देते का?

तो फोन घेऊन बाहेर गेला, मागे दार लागल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाला, "सकाळी उठते, हात पुढे करते आणि विचारते, न्यूमा, मी कुठे बसू? मी खुर्ची दाखवतो. मग ती तिथे बसते, वर्ना. संध्याकाळपर्यंत."